दुप्पट वेगाने ऐकलेली आत्या

मोबाइलचा शोध माझ्या आत्यासाठी लागला आणि बाकीच्या जगाला तो चुकून मिळाला, असं माझं ठाम मत आहे. आपण सगळे त्यावर नुसता वेळ घालवतो. आत्याने त्यावर पुण्यातल्या लग्नाळू मुली सांभाळल्या. कसबा पेठेत, तांबटांच्या ठोकाठोकीच्या आवाजात, तिचं रुखवताचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढीच जागा. त्यात सुपारीचे भटजी, खोबऱ्याच्या वाट्यांचे नवरानवरी, मण्यांचं तुळशीवृंदावन, बोटभर जातं, बोटभर पाटा-वरवंटा आणि काचेच्या पेटीतली सप्तपदी. या सगळ्यांच्या मधोमध, देव्हाऱ्यात ठेवावा तसा छोट्या पाटावर ठेवलेला मोबाइल. मुलीकडच्यांनी लग्नात मांडायच्या या शोभेच्या वस्तू आजकाल कोण घेतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आत्याशी दोन मिनिटं बोलून बघावं. घेऊनच उठतील.

आत्या कधीही टाइप करत नसे. येत नव्हतं असं नाही, तिला ते अपमानास्पद वाटायचं. "माणूस समोर असता तर मी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली असती का?" असं ती विचारायची. त्यामुळे ती फक्त बोलके मेसेज पाठवायची. मेसेज सुरू व्हायचा हवापाण्यापासून. मग पायरीवर आता कोण आलंय, त्याला काय हवंय, ते आपल्याकडे का नाही, असं करत करत ती मुद्द्याच्या जवळ यायची, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी गिऱ्हाईक यायचं. पण बटणावरून अंगठा उचलायचा नाही, हा तिचा नियम होता. बोलणं मध्येच तोडणं तिला असभ्य वाटायचं. कोथरूडच्या एका मुलीला तिने सप्तपदीची किंमत सांगायला मेसेज केला, त्यात मधोमध कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी झालेली घासाघीस साग्रसंगीत पोचली. मुलीने उत्तर पाठवलं, "काकू, सप्तपदी घेतेच, पण कोथिंबीर शेवटी कितीला दिली तिने?" शेजारी बांगड्यांचं दुकान असलेले चाचा तर तिच्या प्रत्येक मेसेजमध्ये असायचे. त्यांचं आणि आत्याच्या सासऱ्यांचं दुकान पहिल्यापासून भिंतीला भिंत लावून. मेसेज कुणालाही असो, कसलाही असो, त्यात कुठेतरी "भाभी, चहा थंड होतोय!" हे यायचंच.

लोक सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचतात, आत्या स्टेटस वाचायची. एकूण एक. कुणाची मुलगी परवापर्यंत एकटीच समुद्राकडे बघत होती आणि आज फोटोत नुसता हात आहे, हातावर मेंदी आणि बोटात अंगठी, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. साखरपुड्याचा हॉल रिकामा व्हायच्या आत तिचा अभिनंदनाचा मेसेज पोचलेला असायचा, आणि अभिनंदनाच्या शेपटाला रुखवत. मी येरवड्याला एका कंपनीत डिजिटल मार्केटिंगचं काम करते. आमच्याकडे नेमक्या याच कामासाठी एक टीम आहे, तिच्या दर सोमवारी मीटिंगा होतात आणि तिला हे अजून जमलेलं नाही. आत्याला मात्र माझ्या नोकरीत फक्त पत्त्यापुरता रस. "भाची येरवड्याला असते," एवढंच सांगून ती गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत थांबायची. तुरुंगाखेरीज येरवड्यात दुसरं काही असेल हे जुन्या पुण्याला पटकन सुचत नाही. एका बाईंनी हळू आवाजात विचारलं, "सुटणार कधी?" आत्या म्हणाली, "सहा वाजता. कधीकधी आठही होतात."

तिच्या दुकानाचं पेज मी काढून दिलं तेव्हा पहिलं भांडण झालं ते किमतीवरून. फोटोखाली कुणी किंमत विचारली की उत्तर खासगीत द्यायचं, अशी सध्याची रीत आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. "खासगीत का? मी काय चोरीचा माल विकते? सगळ्यांसमोर सांग." सांगितली. खाली लगेच एकीने लिहिलं, "महाग आहे." आत्याने माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं, "आहे." ती बाई पुढच्याच आठवड्यात येऊन वृंदावन घेऊन गेली.

मी मुळात कमी बोलणारी. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की आधी मनात जुळवाजुळव करावी लागते, आणि जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. मेसेजचंही तसंच. मी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. "तुझं नुसतं टायपिंग, टायपिंग दिसतं आणि येत काहीच नाही," आत्या म्हणायची. "उचकी लागल्यासारखं वाटतं. पाणी पीत जा."

तिचे लांबलचक मेसेज मी बसमध्ये दुप्पट वेगाने ऐकायचे. माझ्या वयाचे सगळेच तसं ऐकतात. एकदा दुकानात मोजमाप तपासायला म्हणून मी तिचाच मेसेज तिच्यासमोर लावला आणि वेग बदलायचा राहिला. सुपारीचे भटजी चिकटवता चिकटवता तिने मान वर केली. "हे कोण चिवचिवतंय?" मी सांगितलं. तिला राग आला नाही. तिने हातातला भटजी पुरता चिकटवला, मग म्हणाली, "एवढी घाई करून पोचतेस कुठे? येरवड्यालाच ना?" आणि त्या दिवसापासून मला पाठवायच्या मेसेजमध्ये ती अर्ध्या वेगाने बोलू लागली. म्हणजे "वि...हि...रीला... पा...णी... नि...ळं... हवंय," असं. मी दुप्पट वेगाने लावलं की ते बरोब्बर माणसासारखं ऐकू यायचं. तिने मला गणितात हरवलं होतं.

पण आत्याकडे मुली यायच्या त्या खऱ्या उखाण्यांसाठी. रुखवत घेणाऱ्या प्रत्येक मुलीला उखाणा फुकट, आणि तोही मापाने शिवलेला. मुलीने नवऱ्याचं नाव आणि त्याची एखादी खोड कळवायची. आत्या उखाणा म्हणून पाठवायची, मुलगी तो म्हणून परत पाठवायची, आणि आत्या चुका काढायची. "'नाव घेते' वर घाई करू नकोस. नाव सगळ्यांना ऐकायचं असतं." गाडी बेफाम चालवणाऱ्या एका मुलासाठी तिने केलेला उखाणा मला अजून पाठ आहे:

विद्यापीठ चौकामध्ये सिग्नल लागतो लाल,
अनिकेतचं नाव घेते, हेल्मेट तेवढं घाल.

हे सगळं बंद व्हावं असं एकाच माणसाला वाटायचं, आणि तो तिचा मुलगा होता. माझा आतेभाऊ. दादा बाणेरला राहतो, स्वभावाने सरळ आहे, आणि आईने एकटीने त्या पायरीवर दिवसभर बसावं हे त्याला बघवत नाही. दुकानाचा भाडेकरार वर्षाच्या शेवटी संपत होता आणि यंदा तो पुढे वाढवू नये असं त्याचं म्हणणं होतं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तेव्हा बरीच वादावादी होऊन मायलेकांत एक ठराव झाला. आत्याने मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला. "बोल. मला तोंडी नको, पुरावा हवा." दादाने मुकाट्याने रेकॉर्ड केलं, "या सीझनमध्ये तुझ्यामुळे एकही लग्न अडलं, एकही ऑर्डर परत गेली, तर दुकान सोडायचं. नाही गेली, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

आणि ऐन सीझनमध्ये आत्याचा आवाज गेला.

आधी घसा बसला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा येऊ लागली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "शिक्षिका आहात का?" आत्याने नकाराची मान हलवली. "मग गाता?" मी सांगितलं, रुखवत विकते. त्यांना काही उलगडा झाला नाही. स्वरयंत्राला सूज होती. काही आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो.

दादा घरी आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, बास झालं आता. लोकांना सांगून टाकू, तू चल माझ्याकडे." आत्याने शांतपणे मोबाइल उचलला, बोटाने वर वर सरकवत गेली आणि एक बटण दाबलं. खोलीत दादाचाच आवाज घुमला, "या सीझनमध्ये तुझ्यामुळे एकही लग्न अडलं..." तो शेवटपर्यंत वाजला. मग आत्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून काहीतरी कोरू लागली. दादाच्या खिशात मोबाइल वाजला. आत्याने आयुष्यात टाइप केलेला पहिला शब्द समोर बसलेल्या मुलाला गेला होता: "अडलं?"

दादाने मान वर करायच्या आत मोबाइल पुन्हा वाजला. "नाही."

त्या दिवसापासून आत्या टाइप करू लागली. शाळेत तिला वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायला शिकवलं होतं, आणि तिची सगळी वाक्यं एकेका शब्दाची होती. "हो." "नाही." "या." "होईल." जी बाई एका सुपारीबद्दल एवढं बोलायची की ऐकणाऱ्याचा बसस्टॉप मागे जायचा, तिच्याकडून "हो." आलं की माणसाच्या छातीत धस्स व्हायचं. एका मुलीची आई पेढे घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "काकू, काय चुकलं ते सांगा, पण अशा तुटक बोलू नका." जवळपासच्या अशा येऊन बघून गेल्या. लांबच्यांचं काय करायचं?

लांबच्यांत सगळ्यात मोठी ऑर्डर मांजरी गावच्या काकींची. त्यांचं शेत आता इमारतींखाली गेलंय, आणि म्हणून लेकीच्या रुखवतात त्यांना तेच शेत हवं होतं. विहीर, बैलजोडी, उसाचं रान, सगळं. लग्न तोंडावर आलेलं. काकींनी मेसेज केला, "काकू, तुमी हाय ना?" आत्याने उत्तर दिलं, "आहे."

काकींनी फोन केला. आत्याने सवयीने उचलला, आणि मग बोलायचं नाही हे आठवलं. पलीकडच्या काकींना नुसता श्वास ऐकू आला. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाने यातून जो अर्थ काढायचा तोच त्यांनी काढला. संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यांच्या ग्रुपवरून मेसेज फिरत होता: "सावधान. रुखवतवाल्या काकूंचा फोन हॅक झाला आहे. काकू कधीही टाइप करत नाहीत. या नंबरवर कोणीही ऑर्डर देऊ नये." ज्या वाटेने आत्याचा धंदा पुण्यात पसरला होता, त्याच वाटेने, त्याच वेगाने हा मेसेजही पसरला आणि फिरत फिरत आत्याकडेच आला. तिने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "मी हॅक झाले."

मी तिचा ताजा फोटो पेजवर टाकला, तर लोक म्हणाले, जुना आहे. व्हिडिओ टाकावा तर बाई गप्प बसलेली, ते आणखीच संशयास्पद. ऑर्डर द्यायच्या बेतात असलेल्या दोघीतिघींनी कळवलं की सध्या दुसरीकडे बघतो. अजून कुणी ऑर्डर परत घेतली नव्हती, पण काकींचं शेत परत गेलं असतं तर मागोमाग सगळीच गेली असती. दादाला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. पण तो रोज मला फोन करून "काय चाललंय?" म्हणायला लागला होता.

बोलणारं माणूस आता मीच उरले होते. मी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये गेले, दार लावलं, मजकूर तीनदा लिहिला आणि मग वाचून रेकॉर्ड केला. "नमस्कार. मी काकूंची भाची बोलत आहे. काही वैद्यकीय आणि तांत्रिक कारणांमुळे काकू सध्या आपल्याशी बोलू शकत नाहीत. कृपया आपली ऑर्डर कायम ठेवावी." काकींचं उत्तर लगेच आलं. "तांत्रिक कारन म्हनं! आगं बये, आमी गावाकडचे हाय, येडे न्हाई. भाची म्हनं! कालच एक बँकेवाला माजा भाचा झाला व्हता. ठेव!"

मी अर्धा दिवस रजा टाकून कसबा पेठेत गेले. आत्या पायरीवर बसून हिरव्या रिबिनीचा ऊस कापत होती. तिने माझा मेसेज ऐकला आणि टाइप केलं, "बँकेतली वाटतेस." मग ती उठली. रिबीन बाजूला ठेवली, मला पायरीवर उभं केलं, स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला, माझा अंगठा बटणावर ठेवला आणि त्यावर आपला अंगठा दाबून धरला. उचलायचा नाही.

समोरून स्कूटर गेली. तांबटांची ठोकाठोकी चालू होती. मोबाइल हे सगळं ऐकत होता. "मी... मी येरवड्याची भाची," मी म्हणाले. "आत्याचा, म्हणजे काकूंचा, आवाज गेलाय. डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलंय आणि ती... ती मला बोलायला लावतेय." तेवढ्यात शेजारून आलंच, "भाभी, चहा थंड होतोय! ... अरे, बोलायचं नाही ना तुम्हाला! मी पण काय! मान हलवा नुसती!" आत्याने मान हलवली आणि मोकळ्या हाताने स्वतःच्या चष्म्याच्या घराखालचा कागद माझ्यापुढे धरला. काकींच्या लेकीसाठी केलेला उखाणा होता. तो म्हण, असं तिचे डोळे म्हणत होते. भर रस्त्यात. मी नको म्हणून मान हलवली, तिने अंगठा आणखी दाबला. चाचा बाहेर आले. पलीकडचा तांबट हातोडा थांबवून बघू लागला, तर आत्याने त्याला हाताने खूण केली, चालू ठेव. मी कागदावर नजर रोवली आणि म्हटलं:

विहिरीवरची मोट गेली, आली नळाला धार,
अक्षयरावांचं नाव घेते... मनातलं शेत अजून हिरवंगार.

अंगठे सुटले. आम्ही तिघं मोबाइलकडे बघत उभे राहिलो. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते काकींच्याच आवाजात. "आगं, ह्ये तर दुकानच हाय! ठोकाठोकी तीच, चाचा त्येच. आनि काकूंशिवाय असं कोन जुळवतंय! घसा बसलाय तर तसं सरळ सांगायचं की. तांत्रिक काय, तांत्रिक! काकू, शेत सोडायचं न्हाई आपलं. आनि पोरी, तेवढा उखाना परत एकदा म्हन. सावकाश म्हन. लेकीला पाठ करायचाय."

थोड्याच वेळात सगळीकडे नवा मेसेज फिरला: "काकू हॅक नाहीत. काकूंचा घसा बसला आहे." त्याखाली इतके घरगुती उपाय आले की आत्याला ज्येष्ठमध विकायचंही दुकान काढता आलं असतं.

उरलेला सीझन मी बोलले. ऑफिस सुटलं की येरवड्याहून थेट पायरीवर. आत्या मुद्दा टाइप करायची आणि मी तो आवाजात पोचवायचे. "थोडक्यात सांगू नकोस," ती टाइप करायची, "त्यांना वाटेल काही लपवतेय." मी हवापाण्यापासून सुरुवात करायला शिकले. एकही ऑर्डर परत गेली नाही. मांजरीचं शेत दादाच्याच गाडीतून गेलं, मागच्या सीटवर आत्याच्या मांडीवर. वळण आलं की ती दोन्ही हातांनी विहीर धरायची. हॉलमध्ये रुखवत मांडलं तेव्हा काकी वाकून बोटाने त्या एवढ्याशा विहिरीच्या काठाला हात लावत राहिल्या, आणि दादा ते बघत उभा होता. नवरीने उखाणा घेतला. नावानंतर बरोब्बर जिथे मी अडखळले होते तिथेच ती थांबली. तिने ते अडखळणंही पाठ केलं होतं.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "करार वाढवू. विषय संपला." आत्याने मागून मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर लिहिलं होतं, "रेकॉर्ड कर."

आवाज परत आला, पण पूर्ण नाही. पूर्वी तो रस्त्याच्या पार पोचायचा, आता तो पाटावरच्या मोबाइलपर्यंत कसाबसा जातो. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त येणार नाही, जपून वापरा, दिवसात थोडंच बोला आणि महत्त्वाचं तेवढंच बोला. धंद्याचं सगळं ती आता टाइप करते. पूर्णविरामांची गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. उखाणे शनिवारी-रविवारी मी म्हणते.

तिचा तो दिवसाचा थोडासा आवाज कुठे खर्च होतो, ते मला माहीत आहे. परवा दुपारी ऑफिसात मेसेज आला. मी जिन्यात जाऊन ऐकला. "मंडईत पावटा आलाय. कोवळा आहे. सोलून ठेवते." मग थोडी ठोकाठोकी, आणि "बास. डॉक्टर." एवढाच. मी टाइप करायला लागले, खोडलं, मग शेजारच्या लिफ्टची घंटा वाजत असतानाच बटण दाबून म्हणाले, "आत्या, येते मी. संध्याकाळी येते." तिचं उत्तर लिहून आलं, "लिफ्ट वाजली. जिन्याने येजा कर."

मी तिचा पावट्याचा मेसेज पुन्हा लावला. तिचा मेसेज आता इतका छोटा असतो की कानाला लावेपर्यंत संपतो. वेगाच्या खुणेवर बोट ठेवून मी बघत राहिले. दीडपट आहे, दुप्पट आहे. अर्धा वेग कुठेच नाही.